लुआच्या पदरात पडलेली बाग

लुआच्या पायाला भिंगरी आहे, हे दाय नदीकाठच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लग्न होऊन आली, तेव्हा नवी नवरी निदान अंगावरची हळद उतरेपर्यंत तरी घरात टेकेल, असं सासूला वाटलं होतं. पण आठवडाही लोटला नसेल, तोच तिने सायकलच्या दोन्ही अंगांना टोपल्या, सुपं, चाळण्या, झाडू लटकवले आणि ती बाहेर पडली. माहेरचा धंदाच तो. मागून पाहिलं तर टोपल्यांचा ढीग आपला आपण रस्त्याने चाललाय असं वाटे. बाई दिसतच नसे. आज या जिल्ह्यात, उद्या त्या. जिथे अंधार पडेल तिथे कुणाच्या तरी ओसरीवर पथारी. माल संपला की परत, आणि परत आली की दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटकाकडे डोळे.

नवरा खाम घरी. त्याची आपली बाग. घरामागे पपनसाची झाडं, तळ्याच्या कडेने केळी आणि पोफळी, पोफळीवर चढवलेली पानवेल, अंगणात एक जुनं पीचचं झाड, आणि मधल्या जागेत वाफे. नवलकोल, मोहरीची भाजी, कांद्याची पात, शेपू. पोरगी हिएन त्यानेच वाढवली, या वाफ्यांच्या कडेला टोपलीत ठेवून. गावातली माणसं चिडवायची.

"खाम, बायको गावं पालथी घालते आणि तू कांद्याच्या पातीला पाणी घालतोस. बाळंतपण तरी तिनेच केलं होतं ना?"

खाम हसायचा आणि चिडवणाऱ्याच्या हातात शेपूची जुडी ठेवायचा. उत्तर म्हणून एवढंच. दिवसभरात त्याच्या तोंडून जेवढे शब्द निघत, तेवढे लुआ एका सुपाच्या सौद्यात खर्ची घाली. दोघांचं जमायचं कसं, याचं गावाला नवल वाटे. जमायचं ते यामुळेच, असं शेजारची बेनताई म्हणायची. ही बेन एकटी राहणारी, लुआहून मोठी, दात सुपारीने काळे केलेली बाई. "दोघं रोज एकमेकांसमोर असती, तर एकाने दुसऱ्याला तळ्यात ढकललं असतं," ती म्हणे.

असं सगळं चाललं होतं. मग त्या वर्षी पावसाळ्यापासून खामचा आवाज बसला. आधी वाटलं, सर्दी. मग वाटलं, तंबाखू. आल्याचा काढा झाला, मध-लिंबू झालं, देवळातला अंगारा झाला. हिवाळा लागला तरी घसा मोकळा होईना, तेव्हा हिएनने बापाला हनोईला बोलावून घेतलं. ती तिथे कपड्यांच्या कारखान्यात होती, नवऱ्यासोबत एका खोलीत राहत होती.

"डॉक्टरला दाखवते नि पाठवून देते," ती फोनवर म्हणाली.

खाम निघाला. पीचची पानं त्याने आधीच ओरबाडून काढली होती, म्हणजे नव्या वर्षाला, तेतला, नेमकी फुलं यावीत. पिशवी खांद्याला लावून तो फाटकात थांबला. लुआने सायकलला हात घातलेला पाहिला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बाग एकटी टाकता येत नाही गं."

"मी काय करू बागेत?"

"सांगेन मी. फोन करेन."

आणि तो गेला. लुआ सायकल धरून उभी राहिली ती राहिलीच. मग तिने टोपल्या उतरवून पडवीत रचल्या.

पहिल्या सकाळी फोन आला तेव्हा उजाडलंही नव्हतं नीट.

"उठलीस?"

"तुम्ही झोपू द्याल तर ना."

"बाहेर जाऊन बघ. पानांवर पांढरं काही दिसतंय का. मिठासारखं."

लुआ बाहेर गेली. थंडी हाडात शिरत होती. मोहरीच्या पानांवर खरंच कुणी मीठ भुरभुरावं तसं दव गोठलं होतं.

"आहे."

"ऊन पडायच्या आत धुऊन काढ. तळ्यातलं पाणी घे, विहिरीचं नको. वरून शिंपड, झोडपू नकोस. ऊन लागलं की पानं जळतात."

"थंडीत पाणी घालायचं? भाजी ती, आजारी पडेल."

"तू घाल."

तिने घातलं. बोटं निळी पडली. तिन्हीत्रिकाळ रस्त्यावर काढलेली बाई, पण ती थंडी चालताना सोसायची असे; इथे एका जागी वाकून सोसायची होती. वाफा संपेपर्यंत ती कितीदा तरी उठून फाटकापर्यंत जाऊन आली. रस्त्याने कोण चाललंय, बस कुठली गेली, आज कुठला बाजार. फाटकाला हात लावायचा आणि परत फिरायचं.

बेनताई कुंपणावरून बघत होती. "लुआ, दावणीच्या रेडकाला पण एवढी ओढ नसते गं."

"तू तुझी सुपारी चाव."

दुसऱ्या दिवशी नवलकोलाच्या मुळाशी तुसाची राख घालायची होती. तिसऱ्या दिवशी दुधीचं बी ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवायचं होतं. मग वाफ्यावर बांबूच्या कामट्या वाकवून प्लास्टिकचा कागद ताणायचा, दुपारी ऊन आलं तर एक बाजू उचलायची, चार वाजता पुन्हा झाकायची. लुआला हे सगळ्यात वाईट वाटे. काम असं की ते एकदाचं होऊन संपतच नाही. टोपली विकली की विकली. वाफा झाकला की उघडायचा, उघडला की झाकायचा. दोन वेळांच्या मध्ये करायचं काय? ती अंगण झाडे. झाडलेलं पुन्हा झाडे. पडवीतल्या टोपल्या उतरवून पुन्हा रचे. एकदा तर चार टोपल्या घेऊन पुलापलीकडच्या वस्तीत जाऊन विकून आली, आणि परत येऊन बघते तो वाऱ्याने कागद उडालेला, बदकं वाफ्यात शिरलेली, कोवळ्या मोहरीचा फडशा पडलेला.

सकाळी फोनवर ती काही बोलली नाही. पण खामला कसं कळलं कोण जाणे.

"बदकं?"

"थोडीशीच खाल्ली."

"बरं. पुन्हा पेर. कोथिंबीर पेर त्या जागी, ती लवकर येते." रागावला नाही. खोकला मात्र बराच वेळ. मग विचारलं, "पुलापलीकडे काय भाव मिळाला?"

लुआला आधी हसू आलं. मग वाटलं, हा माणूस आजकाल बोलतोय किती. संसारात एवढ्या वर्षांत एका दमात एवढं बोलला नव्हता. दिवसेंदिवस फोन लांबत चालला होता. आवाज मात्र पातळ होत होता, फुटक्या पिंपातून वारा जावा तसा. कधी शब्द मधेच गळून पडायचा, तो थांबायचा, पाणी पिऊन पुन्हा सुरू करायचा.

"घसा दुखतोय तर कशाला बोलता एवढं? हिएनला द्या फोन, तिच्या तोंडून सांगा."

"तिला बागेतलं कळत नाही."

"मला तरी कुठे कळतं?"

"तुला कळेल," तो म्हणाला.

मग तिने हिएनला वेगळा फोन केला. डॉक्टर काय म्हणाले? हिएन म्हणाली, तपासण्या चालल्यात. कसल्या? घशाच्या. पण काय निघालं? आई, मी कामावर आहे, सुपरवायझर बघतोय, नंतर करते. नंतर फोन आला नाही.

तेव्हापासून लुआच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. हात काम करत होते, मन कुठेच ठरत नव्हतं. वर्षाचा शेवटचा महिना लागला. लोक तळी उपसू लागले, तेतसाठी मासे धरू लागले. खामने सांगितलं, तळं उपसलं की तळाचा गाळ पपनसाच्या बुंध्याशी घाल, पण खोडाला टेकवू नकोस, टोपलीभर अंतर सोड, नाहीतर खोड कुजतं. बुंध्याला चुना लाव गुडघ्यापर्यंत. गावातले दोन गडी आले, तळं उपसून गेले. गाळ लुआने आणि बेनताईने वाहिला. कमरेपर्यंत काळ्या झाल्या दोघी.

"खाम असता तर हे काम नाचत केलं असतं त्याने," बेनताई म्हणाली. "कधी येतोय?"

"तेतच्या आधी येईन म्हणालाय."

"म्हणालाय? की तू म्हणतेयस?"

लुआने टोपली दाणकन आपटली. विचार करायला लागल्यावर आठवेना. येतो असं खाम एकदाही म्हणाला नव्हता.

त्याच संध्याकाळी तिला पानवेल पिवळी पडलेली दिसली. खालची पानं लोंबत होती, कडेने तपकिरी झालेली. थंडीनेच झालं असणार. पण बेनताईने वेलीला हात लावून बघितलं आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "वेलीला घरधन्याचं कळतं हो."

गावात रीतच आहे. घरचा कर्ता गेला की बागेतल्या झाडांना सांगतात आणि प्रत्येकाला पांढऱ्या कापडाची चिंधी बांधतात. नाहीतर झाडं दुःखाने वाळतात. सासरा वारला तेव्हा खामने एकेका झाडाशी जाऊन चिंधी बांधली होती, पानवेलीला सगळ्यात आधी. लुआने ते पाहिलं होतं आणि मनात हसलीही होती. आता तिला ते आठवलं. "काहीतरी बरळू नकोस," ती बेनताईला म्हणाली, आणि वेलीभोवती पेंढ्याची जाड चटई बांधली, सुतळी काचेपर्यंत ओढून.

सकाळचे फोन आता भलतीकडेच जाऊ लागले होते. आज काय करायचं ते दोन वाक्यांत संपे. मग तेतनंतरचं. मग तिसऱ्या महिन्यातलं: पपनसाची फुलं गळतील, घाबरू नकोस, एका झुबक्यात एकच फळ ठेव. मग पाचव्या महिन्यातलं. मग सातव्या महिन्यातल्या वादळांचं: केळींना टेकू कुठल्या बाजूने द्यायचे, वारा नदीकडून येतो की डोंगराकडून ते कसं ओळखायचं. लुआ चुलीपाशी उकिडवी बसून ऐकायची, हूं हूं करायची. तिला वाटे, खाटेवर पडून पडून माणूस कंटाळलाय, बोलू दे.

एके दिवशी तो पोफळीच्या रोपांबद्दल सांगत होता.

"तळ्याच्या पूर्वेची जी रोपं आहेत, ती यंदा हलवू नकोस. पुढच्या वर्षीही नको. त्याच्या पुढच्या वर्षी हलव. तेव्हा खड्डा गुडघाभर खण, आणि—"

"तेव्हाचं मला आत्ता कशाला?" लुआ म्हणाली. "तेव्हा तुमचे हात काय मोडलेले असणारेत?"

पलीकडून खोकलाही आला नाही. नुसता श्वास, घरघरता. मग तो म्हणाला, "खड्ड्यात खाली पेंढा घाल," आणि फोन बंद झाला.

लुआ उठली. चुलीत पाणी ओतलं. बदकांना कोंडलं, कोंडा घातला. कागद झाकला. बेनताईच्या दारात जाऊन किल्ली तिच्या हातात दिली.

"कुठे निघालीस?"

"हनोईला."

"आणि बाग?"

"खड्ड्यात गेली बाग."

बेनताई घरात गेली आणि वाफाळत्या रताळ्यांचा पुडा आणून तिच्या पिशवीत कोंबला.

बसमध्ये लुआ खिडकीशी बसली होती. एरवी बसमध्ये बसली की तिचा जीव थाऱ्यावर येई. रस्ता मागे पडताना बघत राही. आज रस्ता सरकतच नव्हता. प्रत्येक थांब्याला ड्रायव्हर चहा पितो म्हणून ती चडफडत होती. बाहेर धुक्यासारखा बारीक पाऊस. शेजारच्या बाईने विचारलं, तेतची खरेदी का? लुआ म्हणाली, हो. मग तिला रडू आलं, म्हणून ती रताळं खायला लागली.

हिएनच्या खोलीला कुलूप. घरमालकीण म्हणाली, दवाखान्यात असतील, म्हातारबुवांना तिथेच ठेवलंय की आता. तिने पत्ता सांगितला. लुआने रिक्षावाल्याशी हुज्जतही घातली नाही.

दवाखान्याच्या आवारात झाडाखाली सिमेंटचा बाक होता. खाम तिथे बसला होता. अंगात दवाखान्याचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, वर जाड कोट, गळ्याला मफलर. किती वाळला होता. तो समोरच्या कुंडीतल्या शेवंतीकडे बघत होता आणि बोटाने एकेक सुकलेलं फूल खुडून खिशात टाकत होता. हिएन शेजारी डबा घेऊन बसली होती. आईला बघून तिच्या हातातलं झाकण पडलं.

"आई, तू कशी—"

"बसने," लुआ म्हणाली. "आता सांगा. दोघांपैकी कोण सांगतंय?"

खामने मान खाली घातली. हिएन रडत रडत बोलली. घशात गाठ आहे. वाईट आहे. डॉक्टर म्हणतात काढता येईल, पण नुसती गाठ काढून भागणार नाही, स्वरयंत्रच काढावं लागेल. गळ्याला भोक पाडतील, त्यातून श्वास. जगेल माणूस, पण आवाज जाईल, कायमचा. केव्हाच करायला हवी होती शस्त्रक्रिया. डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली. बाबांनी दोनदा पुढे ढकलली. आईला सांगितलंस तर मी उठून निघून जाईन म्हणाले.

लुआ बाकाच्या एका टोकाला बसली. तिचे पाय बसूनही हलत होते.

"का ढकलली?"

खामने खाकरून घसा साफ करायचा प्रयत्न केला. आवाज फोनपेक्षाही वाईट होता.

"सगळं सांगून झालं नव्हतं."

"काय सगळं?"

"बागेचं. सातव्या महिन्यापर्यंत आलो होतो. आठवा राहिलाय. नववा, दहावा राहिलाय. मला लिहायचं म्हटलं की हात चालत नाही, तुला माहितीये. तू वाचणारही नाहीस. म्हटलं, आवाज आहे तोवर सांगून टाकावं."

लुआ त्याच्याकडे बघत राहिली. इतके दिवस तिने भलतंच धरलं होतं. हा माणूस मरायची तयारी करतोय असं. आणि हा तिकडे शेपू-कोथिंबिरीपायी दिवस घालवत होता, गाठ वाढत होती. आधी तिला हायसं वाटलं, आणि लगोलग असा संताप आला की तिने त्याच्या खिशात हात घालून सगळी सुकलेली फुलं काढली आणि जमिनीवर फेकली.

"आठवा महिना. आठव्या महिन्यासाठी तुम्ही गळ्यातला निखारा फुंकत बसलात? मेल्या तुमच्या पोफळी तर मरू देत. पपनसं काय, बाजारात मिळतात."

"अगं, हळू. लोक बघतायत."

"बघू देत. आयुष्यभर रस्त्यावर ओरडून माल विकलाय मी, मला लोकांचं काय सांगता? डॉक्टर कुठे बसतो?"

"थांब," खाम म्हणाला. त्याने तिचा हात धरला. त्याची बोटं गार होती आणि नखांत अजून मातीची रेघ होती, हनोईला येऊन इतके दिवस झाले तरी. तो बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. "बागेचं खरंच आहे. पण ते एकटंच नाही. तू कुठेही निघून जातेस. परतलीस, मागच्या दारी मी असलो, तर हाक मारतो तुला. आता कशी मारू?"

हिएन डब्याच्या झाकणाशी चाळा करत होती.

"तुम्ही हाक मारल्यावर मी कधी आले होते?" लुआ म्हणाली. "मी माझी यायची तेव्हाच येते."

खाम हसला. हसणं खोकल्यात गेलं. पण तो उठला, आणि तिघं मिळून डॉक्टरकडे गेली.

शस्त्रक्रियेच्या आदल्या सकाळी त्याने आठवा, नववा आणि दहावा महिना उरकला, भरभर, घोट घोट पाणी घेत. लुआने ऐकलं, किती लक्षात राहिलं देव जाणे. ती त्याच्या ओठांकडेच बघत होती. शेवटी तो म्हणाला, "झालं," आणि पुढे काही तरी आठवल्यासारखं, "तू जेवलीस?" तिने खोटंच हो म्हटलं. एवढ्यात परिचारिका त्याला शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी न्यायला आली.

तेत दवाखान्यात गेला. कुणीतरी वॉर्डात कागदी फुलांची फांदी लावली होती. हिएनने पानात बांधलेले चिकट भाताचे बान्ह-चुंग आणले. खामला नळीतून पेज चालू होती, त्याला नुसता वास. लुआ वॉर्डात एका जागी बसत नसे. या खाटेवरून त्या खाटेवर, कुणाची उशी सरकव, कुणाला पाणी आण, कुणाच्या सुनेशी गप्पा. वॉर्डातल्या बायका तिला जिल्हाभर फिरून आलेल्या बातम्या विचारू लागल्या. खाम पडल्या पडल्या तिच्यामागे डोळे फिरवायचा. त्याच्या गळ्याशी असलेल्या भोकातून शिट्टीसारखा बारीक आवाज येई, आणि तो आवाज थोडा जरी बदलला की लुआ जिथे असेल तिथून वळून बघे. झोपेतही बघे.

बेनताईचा फोन आला. पीच तेतच्या आधीच फुलून गेला होता, ऊब पडली म्हणून. वर्षाच्या पहिल्या दिवशी झाडावर नुसती पानं. पानवेल जगली होती, अर्धी. "आणि दुधीचं बी तू चुलीजवळ ठेवलं होतंस ना, त्याला उंदीर लागले," बेनताई म्हणाली. लुआने हे खामला सांगितलं. त्याने डोळे मिटले, मग बोटाने पांघरुणावर एक वाफा काढला, आणि त्याच्या कडेने ठिपके. पुन्हा पेर.

तो घरी आला तेव्हा पहिला महिना सरत आला होता. गळ्याभोवती पातळ फडकं, धूळ आत जाऊ नये म्हणून. गारठ्यात बाहेर पडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि तो घरात न जाता सरळ मागे गेला. लुआ मागोमाग. तिला आधीपासूनच धाकधूक होती. तो दवाखान्यात असताना ती मध्ये दोनदा गावी येऊन गेली होती, आणि त्या फेऱ्यांत तिने पपनसाची छाटणी केली होती. आतल्या बारीक काड्या काढ, असं त्याने कधीतरी सांगितलेलं तिला आठवत होतं.

खाम पहिल्या झाडाखाली उभा राहिला. वर बघितलं. दुसऱ्या झाडाखाली गेला. मग वळून तिच्याकडे बघितलं. तिने वाळक्या काड्या ठेवल्या होत्या आणि ज्यांच्यावर फुलं धरतात, त्या नेमक्या छाटल्या होत्या. जवळजवळ सगळ्या.

"बारीक काड्या म्हणाला होतात तुम्ही," लुआ म्हणाली.

त्याने एक वाळकी काडी मोडून तिच्यासमोर धरली. मग छाटलेल्या हिरव्या काडीचं टोक दाखवलं. मग पुन्हा वाळकी.

"मग तसं नीट सांगायचं होतं."

खामचे खांदे हलायला लागले. लुआ घाबरली, त्याला धाप लागली असं वाटून धावली. तो हसत होता. आवाजाशिवाय, भोकातून फसफस हवा सोडत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. त्या वर्षी पपनसं बोटावर मोजण्याइतकीच लागली, आणि जी लागली ती कडू निघाली.

हाक मारायचा प्रश्न काही दिवस राहिला. टाळी वाजवून बघितली, तेव्हा लुआ म्हणाली, "मी बदक आहे का?" आणि वाजवली की मुद्दाम हलेना. कथलाचा पेला बडवला तर शेजारून बेनताई यायची. मग ते सुटलंच. लुआच दर थोड्या वेळाने मागच्या दारी जाऊन बघायची, आणि तो तिथे असायचा. बघून पुन्हा कामाला लागायची, आणि पुन्हा जायची. तिचा जीव काही एके ठिकाणी बसला नाही. फक्त आता तो घरातल्या घरात येरझारा घालू लागला. दूरच्या जिल्ह्यांत जाणं तिने सोडलं. जवळपासच्या बाजारांना जायची, सकाळी निघून दुपारी परत. तेवढ्यातही रस्त्यावर कुणाच्या परसात छाटणी चाललेली दिसली की सायकल थांबवायची. "अहो, ती काडी नका कापू, तीच फळाची," असं अनोळखी माणसांना सांगू लागली, आणि लोक तिच्याकडून टोपली घेता घेता आंब्याला कीड लागलीये, काय करावं, असं विचारू लागले. ती खामने सांगितलेलं सांगे. नसेल आठवत, तर मनचं सांगे.

दर काही महिन्यांनी हनोईला तपासणी असे. त्याच्या आधीच्या दिवसांत लुआला भूक नसे. ती काहीही खणत बसे. एकदा तर तिने चांगला उभा वाफा उपटून पुन्हा तोच वाफा लावला, आणि खामने बघून न बघितल्यासारखं केलं.

दुसऱ्या वर्षी थंडी संपता संपताच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, आता सहा महिन्यांनी या, सगळं स्वच्छ आहे. लुआने तीन तीनदा विचारून घेतलं. परतीची बस वाटेत थांबली, तिथे एक माणूस रोपं विकत बसला होता. खाम लघवीला गेला तेवढ्यात लुआने लिचीचं रोप घेतलं, खांद्याएवढं, मुळाशी मातीचा गोळा. ते मांडीत धरून ती उरलेला रस्ता बसली. पानं खामच्या तोंडावर येत होती.

घरी आल्यावर वाद झाला. खामने अंगणाच्या कडेला टाच रोवली: इथे. लुआ म्हणाली, तिथे सावली आहे, तळ्याकाठी लावू. त्याने मान हलवली, हाताने पाणी दाखवलं, मुळं कुजल्याचा अभिनय केला, जीभ बाहेर काढून.

"तुमचं सगळं ऐकलं आजवर. सगळे महिने ऐकले. हे झाड मी आणलंय."

तिने कुदळ घेतली आणि तळ्याकाठी खणायला सुरुवात केली. खाम कमरेवर हात ठेवून बघत उभा राहिला. मग आत जाऊन पेंढ्याची पेंडी घेऊन आला आणि खड्डा पुरेसा खोल होईपर्यंत तिथेच काठावर बसून राहिला.